भट्टीचा आकडा

ताई: पुन्हा एकदा बघू या का, काका?

काका: तीनदा झालं, ताई. सोनं काही लाजून उशिरा वितळत नाही.

ताई: शुद्ध सोन्याची तार एक हजार चौसष्ट अंशांना वितळते. तेव्हा भट्टीवर आकडा होता अकराशे दोन. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेची भट्टी अडतीस अंश जास्त सांगतेय. कधीपासून?

काका: मला काय ठाऊक?

ताई: माझी अख्खी पीएचडी हिच्यात भाजलीय! चौदाशे अंशांना न तडकणारं सिरॅमिक, असं माझ्या तीन लेखांत छापून आलंय. आणि त्या बिचाऱ्याने चौदाशे अंश कधी बघितलेच नाहीत.

काका: हळू बोला. शेजारच्या खोलीत तुमचे मार्गदर्शक सर बसलेत.

ताई: आज अकरा वाजता पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेची मुलाखत आहे. मोजमापाची संस्था ती. तापमान कशावरून खरं, हेच विचारणार.

काका: मग नका ना सांगू. दोन वर्षांची जागा, पुन्हा कधी निघेल कोण जाणे. आजच्या तारेचं तुम्हाला-मला सोडून कुणाला माहितेय?

ताई: उद्या या सिरॅमिकची नळी कारखान्यात बसेल. तडकली तर समोर माणूस उभा असेल, काका. पण मला एक कळत नाही. तपासणीच्या वहीत दर सहा महिन्यांनी तुमची सही आहे. फरक शून्य.

काका: ताई...

ताई: काय झालं?

काका: दोन वर्षं मी तपासलंच नाही. बायकोचं आजारपण चालू होतं, दुपारीच पळायचो. मागचा आकडा तसाच खाली उतरवायचो. आठ महिन्यांत निवृत्त होतोय. माझं नाव घेऊ नका, पाया पडतो.

ताई: अहो, असं काय करताय! सोडा. अकराला पाच कमी आहेत.

(मुलाखत पलीकडच्या खोलीत, संगणकासमोर होते. पाऊण तासाने ताई परत येते.)

काका: काय झालं?

ताई: सांगितलं सगळं.

काका: मग?

ताई: मुलाखत घेणाऱ्यांतल्या एक बाई म्हणाल्या, छापलेलं आधी दुरुस्त करा, मग पुढच्या खेपेला अर्ज करा. म्हणजे ही जागा गेली.

काका: आणि माझं...

ताई: भट्टी कोण तपासतं, हे विचारलं त्यांनी. म्हटलं, वापरायच्या आधी मी तपासायला हवी होती. खोटं नाही ते.

काका: सरांना कळलं?

ताई: नाही अजून. आता जाते. तिन्ही लेखांवर त्यांचंही नाव आहे. काय करतील, देव जाणे.

काका: तुम्ही थांबा. आधी मी जातो.

ताई: काका, नोकरीवर बेतेल.

काका: बेतेल. तेवढं दारापर्यंत चला माझ्याबरोबर.