खाखऱ्याचा डबा आणि कानबाईचा आठवडा

माझं नाव इंदूबाई, माहेर अमळनेरकडचं, सासर धुळ्याकडचं, आणि पोट भरलं ते सुरतने, अशी तीन गावांत वाटलेली बाई मी. नवरा लूमवर होता, खटखटीने त्याचे कान गेले, म्हणून घरात मोठ्याने बोलायचं, आणि ती सवय बाहेरही राहिली. तुम्हाला त्रास होत असेल तर सांगा, पण आवाज काही कमी होणार नाही. सुरतच्याच गोडादऱ्यात वीस वर्षं साड्यांचे धागे कापले, मग डोळे थकले, तेव्हा तिथल्या श्रीमंत वस्तीत, वेसूला, हेतलबेनच्या फ्लॅटवर कामाला लागले. फरशी, भांडी आणि मांजर.

काय सांगू तुम्हाला त्या मांजराचं. नाव खाखरा, रंगही तसाच खरपूस, आणि बसणं असं की गावचा पाटील ओट्यावर बसलाय. त्याला संडासाचा स्वतःचा डबा, डब्यात विकत आणलेली वाळू, आणि तो मुतला की त्या वाळूचा आपोआप लाडू वळतो. पहिल्या दिवशी मी ते बघितलं आणि हातच जोडले. आमच्या गावी मांजर कणगीमागे काय करायचं ते कणगीलाच माहीत.

तो डबा साफ करायचा म्हणजे पूजाच होती. बेन सांगायची, इंदूमासी, आधी हातमोजे, मग तोंडाला मास्क, वाळू हळूच उकरायची म्हणजे धूळ उडत नाही, जाळीच्या झाऱ्याने लाडू आणि लेंड्या उचलायच्या, पिशवीला दोन गाठी, पिशवी कचऱ्यात, संडासात काही ओतायचं नाही, मोजे काढले की साबणाने हात, आणि हे रोज, एक दिवस चुकवायचा नाही. डबा धुवायचा तो साबण आणि गरम पाण्याने. मी एकदा शहाणपणा करून मुतलेल्या डब्यात ब्लीच ओतलं, तर असा वास उठला की छातीच धरली, बेनने मला ओढत गॅलरीत नेलं आणि म्हणाली, मासी, ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो. तेव्हापासून मी तिचं ऐकते. ऐकते म्हणजे, घरी येऊन तिची नक्कल करते. आमची सून वर्षा, तिच्यापुढे मी नाकाला पदर बांधायची, हातात पुरीचा झारा घ्यायची, आणि बेनच्या गुजराती हेलात सगळं साग्रसंगीत करून दाखवायची, दोन गाठींसकट. वर्षा भिंतीला टेकून हसायची.

त्या साली वर्षाला दिवस गेले. आमच्यात पाचवा लागेपर्यंत बोलत नाहीत. आणि मी तर मुळीच बोलू देणार नव्हते, कारण माझ्या पहिल्या खेपेला मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटले होते आणि सहाव्या महिन्यात ते गेलं. सासू म्हणाली, तोंड आवरलं नाही, दृष्ट लागली. तीस वर्षं मी ते उरात घेऊन फिरले. वर्षाला म्हटलं, कोनले सांगू नको व माय, तुझ्या आईलेबी नको.

श्रावण आला, आणि कानबाई आमच्या घरी बसायची ठरली. कानबाई म्हणजे आम्हा खानदेश्यांची मोठी देवी, एका रविवारी घरात येते, सगळी भाऊबंदकी जमते, रोटांचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण सोवळ्यात. आता मांजराची घाण उपसलेल्या हातांनी मी देवीचं पीठ दळू? आणि कामावर खाडा करायचा तर आपल्या जागी बदली माणूस द्यावं लागतं, लूमवरही तेच, घरकामातही तेच. मी आठवडाभर वर्षाला पाठवलं. बघा माझी अक्कल, देवीसाठी स्वतःला शुद्ध ठेवलं आणि पोटुशी सून घाणीवर पाठवली.

देवी वाजतगाजत बोळवली आणि मी रोटाचा प्रसाद घेऊन वेसूला गेले. बेन म्हणाली, मासी, तुमची वहू फार गुणी आहे, पण परवा तिला इथे उलटी झाली. मी म्हटलं, पित्त. ती म्हणाली, मासी, खरं सांगा. मग मी सांगितलं, आणि ती होती तिथे फरशीवर बसली.

तिचं म्हणणं असं की गर्भार बाईने या डब्याला हातच लावायचा नसतो. मांजराच्या विष्ठेत एका जंतूची अंडी असू शकतात, डोळ्याला न दिसणारी, ताजी असताना निरुपद्रवी, पण डबा दिवसभराहून जास्त तसाच राहिला की पिकतात, हाताला लागून तोंडात गेली तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांपर्यंत, मेंदूपर्यंत पोचतात. मला सांगायचं तिला सुचलं नव्हतं, माझ्या वयाच्या बाईला कोण सांगेल? आणि खाखऱ्याने महिन्यापूर्वी पार्किंगमध्ये उंदीर मारून खाल्ला होता, त्यातून जंतू येतो म्हणे. आणि वर्षा गेली त्या पहिल्या दिवशी डबा तीन दिवसांचा साचलेला होता, बेन कुलूप लावून बाहेरगावी गेली होती, शेजारीण मांजराला फक्त खायला घालायची म्हणून. तिने लपवलं, मी लपवलं असं नाही हो, पण दोघी गप्प राहिलो ते बाळावर आलं.

घरी आले आणि वर्षाला विचारलं, काय केलंस तू तिथे, कसं केलंस? तिने नाकाला ओढणी बांधली, झारा उचलला, आणि करून दाखवलं. वाळू हळूच. लेंडी अलगद. एक गाठ, दुसरी गाठ. मोजे उलटे काढले, साबणाने बोटांच्या बेचक्यासुद्धा चोळल्या. सगळं माझं होतं, हेलसुद्धा. मी चेष्टेने केलेलं त्या पोरीने मंत्रासारखं पाठ केलं होतं. 

बेननेच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आजच्या रक्तात कदाचित दिसणार नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. ते तीन आठवडे मी काय खाल्लं, काय रांधलं, आठवत नाही. देवी दिसत नाही आणि ती अंडीही दिसत नाहीत, आणि दोन्हींच्या हातात आपलं घर, एवढंच डोक्यात.

दुसरा रिपोर्ट आला. काही नाही. जंतू पोचलाच नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणजे अंगात त्याविरुद्धची ताकदही नाही, पुढेही जपायचं, डब्यापासून, मातीपासून, न धुतलेल्या भाजीपासून. मग मी दाराशी थांबून विचारलं, बाई, तीस वर्षांपूर्वीचं माझं, ते यानेच गेलं का? त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, इंदूबाई, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तुम्ही बोललात म्हणून गेलं नाही.

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही.

आता नात सात महिन्यांची आहे, डोळे असे टपोरे की बघत राहावं. खाखऱ्याचा डबा मीच काढते, हात धुतल्याशिवाय नातीला घेत नाही. आणि आमच्या गल्लीतल्या घरकाम करणाऱ्या पोरी आता दुसऱ्याच महिन्यात येऊन माझ्या कानात सांगतात. मी काही मोठ्याने बोलत नाही, त्यांच्या मालकिणीकडे मांजर आहे का तेवढं विचारते आणि डब्यापुरती त्यांच्या जागी बदली जाऊन येते. सध्या तिघी आहेत. सुखरूप सुटोत माझ्या माया.