लाल शाईनं काटलेला तलाव

तुम्ही मला हुशार मास्तर समजता ना, मग हे ऐका. इंग्रज होते तेव्हा गोंदियाच्या हायस्कुलात मी 'तलाव' या विषयावर इंग्रजी निबंध दिला. जवळच्या खेड्यातल्या एका मुलानं लिहिलं, "आमचा तलाव आजोबांनी बांधला." मी ते वर्गाला वाचून दाखवलं, सगळे हसले. "तलाव देव बनवतो!" म्हणत मी लाल शाईनं काट मारली.

रविवारी त्याचे आजोबा मला बैलबंडीत बसवून तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. टोपल्यांनी माती वाहून, पावसाचं पाणी अडवायला ती पाळ त्यांनीच घातली होती.

"पोराचं इंग्रजी चुकलं का जी?"

"नाही."

"मंग काऊन काटलं?"

"पुस्तकात तसं नाही. तिथं तलाव आपोआप बनतो."

"पुस्तक लिवणारा इकडे आला होता का?"

दहा वर्षं गोंदियात होतो, त्या तलावावर मीही पहिल्यांदाच आलो होतो.