बालाजीनं हात सोडले

बाकी काही म्हणा, जिवाची भीती मला भूमच्या बालाजी मेकॅनिकनं शिकवली. माझ्या मोटारसायकलला त्यानं भंगारातल्या गाडीचा, मागचं चाक धरून ठेवणारा चिमटा बसवला, आणि चिमट्यातलं चाकही तिचंच. मग ‘सरळ बसलंय का बघू’ म्हणत मला मागं बसवलं आणि भरधाव गाडीवर दोन्ही हात सोडले.

“बालाजी, हँडल धर!”

“थांबा की काका. चाक तिरकं असलं तर आत्ता कळंल.”

“कुणाला? घरच्यांना?”

तेवढ्यात गाडी डावीकडं ओढायला लागली. त्यानं घाबरून हँडल धरलं, गाडी थांबवली. “लई तिरकं हाय. परत खोलावं लागंल.”

“खोलू नकोस,” मी म्हणालो. “उडी मारायला मीच केव्हाचा डावीकडं सरकून बसलोय.”