तक्रार एक पन न्हाय

थळच्या एसटीत ऑडिटर प्रणालीच्या पुढच्याच बाकावर बर्फाच्या कारखान्यातली दोघं आजच्या ऑडिटची उत्तरं घोकत होती.

"बाळारामभाऊ, बाईनं यंदाचं उद्दिष्ट इचारलं तर?"

"सांगायचं, बर्फाच्या तक्रारी निम्म्यावर आणायच्या."

"आनि आल्या का निम्म्यावर?"

"निम्म्या कशाला, रखमा? एक पन तक्रार न्हाय! साहेबांनी जून-जुलैचाच तक्ता लावलाय."

"अवो, तवा मासेमारी बंद! बोटी किनाऱ्याला. बर्फ न्यायला येतो कोन?"

"म्हनून तर तक्रार न्हाय!"

"बाईनं पकडलं तर? सर्टिफिकेट जाईल."

"मुंबईची बाई ती. तिला बोटीतलं काय कळतंय?"

प्रणाली पुढं वाकली.

"भाऊ, थळ आलं की सांगाल? मामा तुमचाच बर्फ नेतो. आधी त्याच्या बोटीवर जाते, मग येते ऑडिटला."