हँक साहेबाच्या पुढची भिंत

...आणि वर मलाच विचारतात, "इलियास, तू फुटबॉल खेळतोस म्हणे?" कसला फुटबॉल हो! पायाने मारायचाच नाही, हाताने फेकायचा, आणि तो हातसुद्धा माझा नाही, हँक साहेबाचा! मी नुसता उभा. तुम्हाला सांगतो, अख्ख्या मॅचमध्ये बॉल मला धड दिसला नाही, कारण तो कायम माझ्या पाठीमागे! वाईट वाटलं का? छे. काही वाटलं नाही. इथे कतारात, दुखानच्या तेलकँपात दोन उन्हाळे काढले की वाटायचं बंद होतं.

झालं काय, कँपातल्या अमेरिकनांना त्यांचा तिकडचा फुटबॉल खेळायचा, आणि माणसं कमी! मग आमच्यातले पाच धरले. मी कामगारांची हजेरी लिहिणारा टाइमकीपर, नसरुद्दीन मेसचा कुक, बाकी तिघं स्टोअरमधले, सगळे रत्नागिरीकडचे. माझा साहेब हँक, तो झाला क्वार्टरबॅक. म्हणजे हा गडी बॉल घेऊन मागे उभा राहणार, लांबवर बघणार, निवांत नेम धरणार, मग फेकणार... आणि तोवर समोरून धावून येणारी धुडं आम्ही पाच जणांनी अंगावर घ्यायची. ह्याला म्हणतात लाइन!

आणि माझ्या समोर कोण यावा? ब्रेनन साहेब! आमच्या रजेला दोन सह्या लागतात, एक हँकची, एक ह्याची. माझी नजमा मी इकडे आल्यावर जन्मली, आता घरभर पळते म्हणे. मी अजून बघितलेली नाही. आता सांगा, ह्या माणसाला ढकलायचा कसा?

यल्ला, सुरू! ब्रेनन धावत आला, मी अदबीने बाजूला झालो. तिकडे नसरुद्दीन तर, "आइए साब, आइए!" जसं काही मेसमध्ये जेवायलाच बोलावतोय! पाचही जणांनी वाट दिली. मागे हँक वाळूत उताणा. उठला, परत उताणा...

मध्यंतरात तोंडातली वाळू थुंकत ओरडतो, "इलियास! पूरा कँप में ऐसा हाथ किसका है? लेकिन लेटके कैसे फेकेगा?" खरंच आहे हो! हात सोन्याचा असेल, पण पुढचे पाच सरकले तर त्या सोन्याचं करायचं काय? मग जवळ येऊन हळूच, "जीतेगा तो तुम्हारा छुट्टी साइन करेगा."

काही वाटलं नाही. उभा राहिलो. ब्रेनन आला, आदळला. माझा दात हलला, मी नाही हललो. बाजूने नसरुद्दीन कुजबुजतो, "अरे इलियास, साहेबाचा नाक फुटला रे!" फुटू दे. मागे हँक आरामात उभा, हातात चहाचा कप तेवढा नव्हता! फेकला, लांब कुणीतरी झेलला. परत फेकला, परत झेलला. जिंकलो! सगळा कँप "हँक! हँक!" करतोय, आणि त्याला खांद्यावर घेतलं कुणी? आम्हीच! आमच्या नावाने कुणी शिंकलंसुद्धा नाही. मला? काही वाटलं नाही.

तेवढ्यात ब्रेनन आला, नाकाला रुमाल. म्हटलं खलास, गेली रजा. तर हा खिशातून पेन काढतो! "इलियासको छुट्टी! तीन महीना! पहला जहाज से भेजो! अगला मॅच में ये आदमी सामने नहीं मांगता!" आणि तिथल्या तिथे सही ठोकली हो!

आणि हँक? ज्याच्यासाठी दात हलवून घेतला तो? "नो, नो! ये गया तो हमको कौन बचाएगा? छुट्टी कॅन्सल!"

ब्रेनन भडकला. "आदमी को घर जाने दो!" म्हणत, मुठी आवळून हँकच्या अंगावर धावला.

आणि मी काय केलं असेल? मधे उभा राहिलो! सवयीनं! पाय रोवून! तुम्हाला सांगतो, अख्ख्या कतारात माझ्या रजेसाठी भांडणारा एकच माणूस... आणि त्यालाही मीच अडवला.