दोरीचं टोक

लढाई संपल्यावर सरकारनं जाहीर केलं होतं, की घरात राहिलेली शस्त्रं पोलीस चौकीत आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या चौकीत रांगेतल्या क्रॅब्ट्रीचा नंबर जवळ आला होता. त्याच्या मागं दोघी नणंद-भावजया कुजबुजत होत्या.

"आयव्ही, चुळबुळ करू नकोस. सिरिलला सांगून आणलंस ना हे रिव्हॉल्व्हर?"

"नाही वन्सं. रातपाळी करून झोपलेत. गळ्यातली दोरी कात्रीनं कापली."

"अजून गळ्यात अडकवून झोपतो?"

"फौजेत दोरीसकटच मिळालं होतं, हातातून पडू नये म्हणून. तीच सवय."

"रणगाड्यात एवढी तोफ असताना याचं काय काम गं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, आग लागली आणि वरचं झाकण उघडलं नाही, तर स्वतःसाठी."

"आता कसला रणगाडा? गोदीत पोती उचलतोय."

"घराचं दार लागलं तरी ताडकन उठून बसतात. ही रांग का सरकत नाही?"

"आणि आज उठून दोरी चाचपली म्हणजे?"

"टोकाला घराची किल्ली बांधून आलेय."

क्रॅब्ट्री बाजूला झाला. "बाई, माझ्याआधी तुम्ही जा."

"उपकार झाले हो."

"अगं पण किल्ली तिथं, मग कुलूप कसं लावलंस?"

"लावलंच नाही. दार सताड उघडं ठेवलंय. वाऱ्यानं लागू नये म्हणून मधे खुर्ची टाकून आलेय."

"या बर्फात?"

"म्हणून तर घाई करतेय, वन्सं."