पुलाच्या अलीकडे

मायतेना : मग मी आत्ताच निघते ना. बाबा यायच्या आत सीमेकडची गाडी पकडते.

हासिंता : आणि ही मढ्याएवढी सॅक कोण उचलणार? तुझा बाप?

मायतेना : आत्या, हळू बोल. शेजारी ऐकतील.

हासिंता : शेजाऱ्यांना सगळं ठाऊक आहे. रोज संध्याकाळी शेळ्यांच्या गोठ्यामागे उभी राहून फोनवर ओरडतेस, "बाबा, इथे उयुनीला काय वारा सुटलाय!" माझ्या शेळ्यासुद्धा आता स्वतःला बोलिव्हियाच्या समजायला लागल्यात.

मायतेना : हसू नकोस ना.

हासिंता : मी हसत नाहीये. दीड महिना झाला तुला इथे सीमेच्या अलीकडे, उमाउआकात येऊन. या दीड महिन्यात फर्मीननं मला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मी त्याला हवामान सांगितलं. सख्ख्या भावाला! आता तो काल घरून निघालाय. लेकीला ला पासला गाठून चकित करणार म्हणे, वाटेत एक रात्र बहिणीकडे. दुपारी जेवायला इथे असेल.

मायतेना : म्हणून तर म्हणते, मी निघते. खरोखरच पलीकडे जाते. मग ते ला पासला आले की मी तिथे असेन. खोटं काही उरणारच नाही.

हासिंता : वा! खोटं पळत जाऊन खरं करायचं. बरं, चल. ओत ती सॅक इथे खाटेवर. झेपेल तेवढंच भरायचं.

मायतेना : सगळी नको. वरचं वरचं काढते.

हासिंता : सगळी! हे काय लोखंडी?

मायतेना : तवा. ओस्वाल्दोकाकांनी दिला. वाटेत उपाशी राहू नये म्हणून.

हासिंता : आणि हा लाकडी बुवा?

मायतेना : संत क्रिस्तोबाल. वाटसरूंचा रक्षणकर्ता. पाद्रीबाबांनी दिला.

हासिंता : बैठकीसकट! याला वाटेत बसायला जागा नाही मिळाली तर?

मायतेना : आत्या!

हासिंता : स्टीलचा थर्मास, 'माते' चहाचा पाला पोतंभर... अगं, बोलिव्हियात लोक काही पीतच नाहीत का? नकाशांचं पुस्तक. पुठ्ठ्याचं! केस वाळवायचं यंत्र. हे कुणी दिलं?

मायतेना : मावसबहिणीनं. फोटोत केस चांगले दिसावेत म्हणून.

हासिंता : आणि तळाशी हे काय मऊ मऊ?

मायतेना : कासिल्दा आजींनी शिवलेली गोधडी. त्यांचे डोळे अधू झालेत ना, त्यात शिवली. ती राहू दे, आत्या.

हासिंता : राहू दे म्हणजे इथे राहू दे की आत राहू दे?

मायतेना : आत.

हासिंता : मग तवा बाहेर.

मायतेना : तव्याचा फोटो मागतात काका. कधी कुठे काय शिजवलं ते.

हासिंता : मग पाठवलास?

मायतेना : तुझ्या चुलीवरचा पाठवला. राख दिसू दिली नाही.

हासिंता : पोरी, त्या दिवशी तू दारात आलीस. सीमेच्या पुलावर मैत्रिणीशी, लुदमिलाशी भांडण झालं, एवढंच सांगितलंस. मी पुढे खोदलं नाही. आता विचारते. त्या पुलावर झालं काय?

मायतेना : पडले.

हासिंता : पडतात माणसं.

मायतेना : तशी नाही. आपल्याकडच्या ला कियाकाच्या बाजूनं पुलावर चढलो. पलीकडे बोलिव्हियातलं वियासोन दिसत होतं. बायका गाठोडी पाठीला बांधून भराभर पुढे जात होत्या, आमच्या आजींच्या वयाच्या. माझा श्वास पुरत नव्हता. क्षणभर टेकावं म्हणून कठड्याकडे वळले आणि त्या ओझ्यानं मागे ओढली गेले. उताणी. हातपाय वर. झुरळासारखी. पट्टे सुटेनात. उठता येईना. लोक हसायला लागले.

हासिंता : आणि लुदमिला?

मायतेना : तीही हसली. मग तिनंच पट्टा सोडवला. म्हणाली, "मायते, यातलं अर्धं इथेच वाटून टाक. मी थांबते." तिची पिशवी केवढीशी, शाळेत न्यायची असते तशी.

हासिंता : बरोबरच बोलली की.

मायतेना : माहितीये! मला तेव्हाही माहिती होतं. पण मी तिला म्हटलं, "तुला निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं, तुला काय कळणार."

हासिंता : असं म्हणालीस?

मायतेना : तिला आई नाही, आत्या. बाप कुठे असतो तिलाही ठाऊक नाही. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि पूल उतरून गेली. मी कठड्याला धरून बघत राहिले. मग माघारी वळले. पडल्याचं एवढं नाही वाटत. हेच आठवतं. झोपतानाही.

हासिंता : हं. घे, नाक पूस. आणि भर पटकन. उन्हं डोक्यावर यायला लागलीत.

फर्मीन : हासिंता! अगं, दार उघड! तुमच्या या उंचावरच्या गावात हवा विकत घ्यावी लागते की काय? स्टँडवरून चार पावलं चाललो तर छाती फुटायची वेळ आली!

हासिंता : अरे देवा. फर्मीन! तू तर दुपारी...

फर्मीन : वाटेत हुहुईला आधीची गाडी मिळाली. अक्का, आधी एक मिठी मार, मग... ही कोण? मायते? मायते!

मायतेना : बाबा.

फर्मीन : अक्का, सांगून टाकलंस ना तिला! पोटात काही राहत नाही तुझ्या. आणि तू, वेडे, मला भेटायला खाली उतरलीस? ला पासहून? इतक्या लांबून? अगं, मी येतच होतो की! बघ कशी रापलीये उन्हानं. मुलूखभर फिरलेली पोर लगेच ओळखू येते.

हासिंता : बस फर्मीन. पाणी पी.

फर्मीन : पाणी कसलं! थांब, आपल्या गावच्या क्लबात फोन लावतो. आता सगळे बारमध्ये जमले असतील. ओस्वाल्दो म्हणत होता, "भेटलीच नाही तर?" आता ऐक म्हणावं स्वतःच्या कानांनी. बोल मायते, कासिल्दाबाईंशी आधी बोल...

मायतेना : बाबा, फोन ठेवा.

फर्मीन : लागतोय, लागतोय.

मायतेना : ठेवा म्हणते ना! मी ला पासहून आले नाही.

फर्मीन : मग कुठून? उयुनीहून?

मायतेना : मी पूल ओलांडलाच नाही. मी इथेच होते. आत्याकडे. पहिल्यापासून.

फर्मीन : इथे म्हणजे?

मायतेना : इथे. या खोलीत.

फर्मीन : नाही नाही. तो मिठाच्या मैदानाचा फोटो? पांढरंशुभ्र, क्षितिजापर्यंत. तो मी मोठा करून लावलाय. क्लबातल्या बारच्या गल्ल्यामागे.

मायतेना : तो लुदमिलाचा. तिनं जगाला दाखवायला इंटरनेटवर टाकला होता, मी उचलला. तिला न विचारता.

फर्मीन : आणि ते गाढव? बर्फाच्या डोंगरापुढचं?

हासिंता : ते आमचं आहे. डोंगरही आमचाच. बर्फ दोन दिवस पडलं होतं.

फर्मीन : तू गप्प बस. तुला माहीत होतं. मी फोन केला तेव्हा ती तुझ्या शेजारी बसली होती?

हासिंता : बसली होती. मका सोलत.

फर्मीन : दर रविवारी मी तुझे निरोप वाचून दाखवायचो, मायते. चष्मा लावून, उभा राहून. लोक हातातले पत्ते खाली ठेवायचे. रुफिनो, जन्मात कुणाचं ऐकून न घेणारा, तो म्हणायचा, "परत वाच, ते वाऱ्याचं." आता मी कोणत्या तोंडानं आत शिरू?

मायतेना : म्हणून तर सांगता आलं नाही. दर रविवारी ठरवायची, आज सांगते. मग तुमचा आवाज यायचा, "सगळे वाट बघतायत गं."

फर्मीन : म्हणजे माझी चूक?

मायतेना : नाही. खोटं मी बोलले.

फर्मीन : आजारी पडलीस म्हणून सांगू. इथल्या हवेनं. ते तर खरंच आहे, मलाच धड श्वास घेता येत नाहीये. आजारी माणसाला कुणी हसत नाही. चल, भर तुझं सामान. संध्याकाळच्या गाडीनं घरी.

मायतेना : आणखी एक खोटं?

फर्मीन : निदान ते माझं असेल! आण इकडे ती सॅक. मी घेतो.

हासिंता : फर्मीन, सावकाश. मी अर्धंमुर्धं परत कोंबलंय तिच्यात...

फर्मीन : अरे! हे... हे काय भरलंय हिच्यात?

हासिंता : पाठ धरली ना? बस. बस खाली.

फर्मीन : ही एवढी जड होती?

मायतेना : एवढीच होती. अजून तवा बाहेर आहे.

फर्मीन : दुकानात तर हलकी होती.

मायतेना : रिकामी होती, बाबा. तुम्ही म्हणालात, "सगळ्यांत मोठी द्या, पोरगी वर्षभर चाललीये." मी ती मधली दाखवत होते.

फर्मीन : पण मग निघताना तू बोलली का नाहीस?

मायतेना : तुम्ही उचलू कुठे दिलीत? घरापासून स्टँडपर्यंत तुम्ही आणि ओस्वाल्दोकाकांनी दोन बाजूंनी धरून नेली. मिरवणुकीसारखी. गाडीच्या पोटात तुम्हीच ढकललीत. ती माझ्या पाठीवर पहिल्यांदा आली ती इकडे सीमेवर, तेराशे किलोमीटर दूर. आणि बाबा, वर्षसुद्धा मी म्हटलं नव्हतं.

फर्मीन : तू म्हणाली होतीस, प्रवासाला जाते.

मायतेना : दोनेक महिने. जमेल तिथवर. तुम्ही पेला उंचावून क्लबात सांगितलंत, "माझी मुलगी वर्षभरात कॅरिबियन समुद्राला पाय लावून येणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कासिल्दा आजी रडल्या. तेव्हा मी उठून काय म्हणू, "नाही हो, दोनच महिने"?

फर्मीन : मला वाटलं, तुला आवडलं. तू हसत होतीस.

मायतेना : हसत होते.

हासिंता : लहानपणी हाही असाच होता गं. पोहता येत नसताना सगळ्या गल्लीला सांगून आला, नदी पार करतो म्हणून. मीच शोधून आणला, झुडपात लपून बसलेला.

फर्मीन : अक्का, तिच्यासमोर काढायलाच हवं होतं का हे?

हासिंता : हवंच होतं.

फर्मीन : ...थोडं पाणी दे.

हासिंता : आता कसा पाणी मागतोस. घे. आणि ही कोकाची पानं गालात धर, चावू नकोस. छाती हलकी होईल.

फर्मीन : मायते, खरं सांग. आता क्लबातलं कुणी ऐकत नाहीये. घरी यायचंय तुला?

मायतेना : नाही.

फर्मीन : माझ्यासाठी म्हणू नकोस.

मायतेना : तुमच्यासाठी नाही. लुदमिला बोलिव्हियात, सुक्रेमध्ये आहे, एका खानावळीत भांडी घासते म्हणे. मला तिथे जायचंय. ती दारात उभी करील की नाही, ठाऊक नाही. पण तिच्यासमोर उभं राहून सांगायचंय, मी जे बोलले ते घाण होतं. त्यानंतर पुढे जाईन की मागे येईन, ते आत्ता सांगणार नाही. कुणालाच.

फर्मीन : मलाही?

मायतेना : तुम्हाला तर नाहीच.

फर्मीन : बरं. पण ही सॅक घेऊन तू पुन्हा त्या पुलावर चढायची नाहीस. ती माझी पिशवी आण. ती, दारात टाकलेली. ओत तिच्यातलं खाटेवर.

मायतेना : तुमचे कपडे आहेत त्यात.

फर्मीन : दोन सदरे आणि एक विजार, त्यांचं काय कौतुक! क्लबाच्या संघाबरोबर परगावी जाताना नेतो मी ती. पट्टे भक्कम आहेत, खांद्याला लागत नाहीत. भर आता तुझं. तू भर. मी हात लावत नाही.

मायतेना : जाड जाकीट. कपड्यांचे दोन जोड. मोजे. झोपायची पिशवी खाली बांधते. साबण, गोळ्या. बस.

हासिंता : पाव घे. आणि चीज. आमच्याच शेळ्यांचं आहे.

फर्मीन : गोधडी?

मायतेना : ती तुम्ही न्या. आजींना परत द्या.

फर्मीन : परत? म्हातारीला काय वाटेल?

मायतेना : वाईट वाटेल. रविवारी मी स्वतः फोन करीन क्लबात. खरं काय झालं ते सांगेन. झुरळासारखी पडले तेही.

फर्मीन : सगळ्यांसमोर?

मायतेना : सगळ्यांसमोर. तुम्ही उभे राहून वाचू नका फक्त. फोन टेबलावर ठेवा आणि बसून राहा.

हासिंता : घाल पाठीवर. वळ. पुन्हा वळ. अंगणातून एक फेरी मारून ये. जा... बघ फर्मीन, चालतेय.

फर्मीन : बघतोय.

हासिंता : आणि तू? हे धूड घेऊन जाणार?

फर्मीन : मग काय करू? ही इथे टाकून जाऊ? उद्या तिला गाडीत बसवतो आणि परततो.

हासिंता : गावात उतरलास की स्टँडवरच पहिला माणूस विचारील, पोर वर्षभर गेली आणि सॅक कशी परत आली?

फर्मीन : विचारील. रुफिनोच असेल तो. बाकावरच बसलेला असतो.

हासिंता : मग काय सांगशील त्याला?

फर्मीन : सांगेन, भरली मी होती.